भावना आवरायला शिकता येतं

“एवढ्याशा गोष्टीवरून एवढा तमाशा?” हे वाक्य ज्या घरांत वरचेवर ऐकू येतं, त्या घरांसाठी हे लिहिते आहे. ज्याला ते ऐकून घ्यावं लागतं त्याच्यासाठी, आणि ज्याच्या तोंडून ते निघतं त्याच्यासाठीही.

काही माणसांच्या भावना लवकर उसळतात, इतरांपेक्षा जास्त जोरात उसळतात आणि ओसरायला जास्त वेळ घेतात. सकाळी कोणी टोचून बोललं तर एखादा दुपारपर्यंत ते विसरून जातो. यांच्या मनात ते रात्रीपर्यंत धुमसत राहतं. तेवढ्यात आणखी काही घडलं की संपलंच. मग आरडाओरडा, वस्तूंची फेकाफेक, जवळच्या माणसाशी एका रात्रीत तोडलेले संबंध, कधी दारू, कधी स्वतःच्याच शरीराला केलेली इजा. दुसऱ्या दिवशी लाज वाटते, माफी मागितली जाते, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. घरचे थकून म्हणतात, स्वभावाला औषध नाही.

या म्हणीवर विश्वास ठेवू नका, हे मला पोटतिडकीने सांगायचं आहे. उसळलेल्या भावनांचं काय करायचं हे शिकता येतं आणि शिकवताही येतं. ते शिकवण्याची एक नीट बांधलेली, तपासून पाहिलेली पद्धत गेली तीसहून अधिक वर्षं वापरात आहे. तिचं नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, मराठीत द्वंद्वात्मक वर्तनोपचार. दवाखान्यात सगळे डीबीटी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ही पद्धत घडवली मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांचा जन्म १९४३ सालचा, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातला. सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांना कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. स्वतःला इजा करण्याची ऊर्मी त्यांना आवरत नसे. २६ महिने त्या तिथे होत्या, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत, आणि तिथल्या उपचारांनी त्यांना फारसं बरं वाटलं नाही. बाहेर आल्यावर त्या शिकल्या, शिकागोत पीएचडी केली आणि पुढे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अशाच यातना भोगणाऱ्या माणसांसाठी उपचार शोधू लागल्या. स्वतःची कहाणी त्यांनी अनेक वर्षं जगापुढे मांडली नव्हती. २०११ साली त्याच हार्टफर्डच्या संस्थेत उभं राहून त्यांनी ती सांगितली. ‘मी असाच आहे, माझं काही होणार नाही’ असं म्हणणारा मुलगा किंवा मुलगी समोर बसली की मला त्यांना सगळ्यात आधी ही हकीकत सांगावीशी वाटते.

लिनेहान यांनी सुरुवातीला रूढ वर्तनोपचारच वापरून पाहिले. चूक कुठे होते ते दाखवायचं आणि वागणं बदलायला लावायचं. पण जी माणसं जन्मभर ‘तुझंच चुकतं’ ऐकत आली, त्यांना उपचारकही तेच सांगतोय असं वाटे. ती चिडत, उपचार सोडून जात. मग त्यांनी नुसतं समजून घेण्यावर भर दिला. तेही पुरेना, कारण यातना होत्या तिथेच होत्या आणि बदलत काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही एकत्र आणलं. तू आज जशी आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागणार आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. स्वीकार म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांनी झेन साधनेतून घेतलं, आणि ते धर्माशिवाय, साध्या सरावाच्या रूपात रुग्णांपर्यंत आणलं.

१९९१ साली त्यांचा पहिला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाण्याच्या विकाराचं, निदान झालेल्या स्त्रियांवर तो केला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा डीबीटी घेणाऱ्यांमध्ये इजेचे प्रसंग कमी झाले, रुग्णालयातले दिवस कमी झाले, आणि उपचार मध्येच सोडून जाणाऱ्याही कमी निघाल्या. २००६ च्या अभ्यासात तुलना नामांकित, अनुभवी तज्ज्ञांच्या उपचारांशी होती. तिथेही डीबीटी घेतलेल्या गटात आत्महत्येचा प्रयत्न करण्याचं प्रमाण जवळपास निम्मं आढळलं. पुढे किशोरवयीन मुलं, व्यसनं, खाण्यापिण्याचे विकार यांसाठीही ही पद्धत जुळवून घेतली गेली. हिने सगळेच बरे होतात असं मी म्हणणार नाही. पण ज्या दुखण्यापुढे डॉक्टरही हात टेकत, तिथे या पद्धतीने बऱ्याच जणांना जगतं ठेवलं आहे.

आता घराकडे येऊ. हे असं का होतं, याचं डीबीटीतलं उत्तर दोन भागांचं आहे. काही मुलं जन्मतःच भावनांच्या बाबतीत जास्त संवेदनशील असतात. आणि अशा मुलाच्या वाट्याला असं वातावरण येतं, जिथे त्याला जे वाटतं ते खोटं, चुकीचं किंवा अवास्तव ठरवलं जातं. दोन्ही एकमेकांना वाढवत नेतात. मूल जितकं जास्त रडतं तितकं घर जास्त झिडकारतं, आणि जितकं झिडकारलं जातं तितकं ते मोठ्याने रडतं. यात आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. शांत स्वभावाच्या आईवडिलांना असं मूल झालं तर त्यांना खरोखरच कळत नाही की याला एवढं कशाने दुखतंय. प्रेम असतं, आकलन नसतं. पण मुलावर होणारा परिणाम तोच.

आपल्याकडच्या ठरलेल्या ओळी बघा. मुलगे काय रडतात? आमच्या वेळी नव्हती ही थेरं. त्या शेजारच्या मुलाकडे बघ, बाप नाही तरी कसा शिकतोय. लग्न झालं की होईल ठीक. हे सगळं धीर देण्यासाठीच म्हटलं जातं, हे मला मान्य आहे. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र एकच गोष्ट पडते: माझ्या मनात जे चाललंय त्यावर माझ्याच माणसांचा विश्वास नाही. मग तो स्वतःवरही विश्वास ठेवेनासा होतो, किंवा विश्वास बसावा म्हणून आवाज वाढवत नेतो.

म्हणून घरच्यांना माझी पहिली विनंती. समजा मुलगा पेपर देऊन हरल्यासारखा घरी आला आणि म्हणाला, मला काहीच जमत नाही. ‘काहीतरीच काय!’ असं म्हणू नका. ‘एवढी मेहनत घेतलीस आणि पेपर अवघड गेला, वाईट वाटणारच’ असं म्हणा आणि गप्प बसा. सल्ला त्याच दमात जोडू नका. तो तासाभराने दिला तरी चालतो. भावना मान्य करणं म्हणजे वागणं मान्य करणं नव्हे, हेही नीट लक्षात घ्या. ‘तुला राग आलाय ते दिसतंय मला. ताट फेकलेलं मात्र या घरात चालणार नाही.’ ही दोन्ही वाक्यं एकाच आवाजात, न ओरडता म्हणता येतात. सुरुवातीला कृत्रिम वाटतं. सवयीने जमतं.

आणखी एक गोष्ट, जी घरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. एरवी मुलीकडे कोणी लक्ष देत नाही, पण तिने स्वतःला इजा केली की सगळे धावत येतात, रात्रभर उशाशी बसतात, बाबा ऑफिसला रजा टाकतात. चार दिवसांनी पुन्हा जो तो आपल्या कामाला. यातून ती मुद्दाम काही शिकत नाही, पण मन नकळत शिकतं: एवढं टोक गाठलं तरच माझं दुःख मोजलं जातं. संकटात तिच्याजवळ राहाच, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण मंगळवारी संध्याकाळी, काहीच घडलेलं नसताना, ती भाजी निवडायला शेजारी येऊन बसली तर तेव्हाही फोन बाजूला ठेवून ऐका. किशोरवयीन मुलांसाठीच्या डीबीटीत पालकांनाही मुलांसोबत कौशल्यं शिकवणाऱ्या वर्गात बसवतात ते याचसाठी.

आता ज्यांच्या आत हे वादळ उठतं त्यांच्याशी बोलते. डीबीटीत नेमकं करतात काय, ते एका प्रसंगातून दाखवते. प्रसंग कल्पित आहे, पण यातलं काहीच नवलाचं नाही.

समजा बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आहे. घर साताऱ्याला, नोकरी पुण्यात, तीन मुलींसोबत फ्लॅटवर राहते. रविवारी संध्याकाळी तिने जिवलग मैत्रिणीला मेसेज केला, ‘भेटू या का?’ दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. अर्ध्या तासात तिने चौदा फोन केले. मग ‘तू मला फक्त वापरून घेतलंस’ असा लांबलचक मेसेज टाकला, नंबर ब्लॉक केला, आणि रात्री दार लावून घेऊन स्वतःला इजा केली.

डीबीटीचा उपचारक तिला बोल लावत नाही आणि नुसती सहानुभूतीही दाखवत नाही. तो तिच्यासोबत कागद घेऊन बसतो आणि त्या दिवसाची कडी न् कडी मांडायला लावतो. आदल्या रात्री किती वाजता झोपलीस? तीनला. रविवारी काय खाल्लंस? चहा-बिस्किटं. दुपारी काही घडलं? आईचा फोन आला होता, लग्नाचा विषय, ‘तुझ्या अशा स्वभावाला कोण सांभाळून घेणार’ हे वाक्य. मग निळ्या खुणा. त्या दिसल्याबरोबर डोक्यात आलेलं पहिलं वाक्य काय होतं? ‘हिलाही मी नकोशी झाले.’ शरीरात काय झालं? छाती धडधडली, हात गार पडले. काय करावंसं वाटलं? आत्ताच्या आत्ता उत्तर मिळवावंसं. आणि इजा केल्यावर? काही मिनिटं डोकं शांत झालं.

हे शेवटचं उत्तर उपचारक टाळत नाही. त्या कृतीने काही मिनिटं सुटका मिळते, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते. हे मान्य केल्याशिवाय तिच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. त्याच कागदावर पुढची किंमतही लिहिली जाते: मैत्रीण तुटली, सोमवारी कामावर जाता आलं नाही, लाज वाटली, आणि त्या लाजेने पुढच्या रविवारची तयारी करून ठेवली.

साखळी अशी समोर पसरली की ती कुठकुठे तोडता आली असती हे दिसू लागतं. झोप आणि जेवण ही पहिली जागा. आपण त्यांना किरकोळ समजतो, डीबीटीत मात्र ती उपचाराचा भाग आहेत; उपाशी आणि जागरण झालेल्या माणसाला कोणतीही भावना दुप्पट लागते. दुसरी जागा निळ्या खुणांची. मेसेज वाचला गेला आणि उत्तर आलं नाही, एवढंच घडलं होतं. नकोशी झाले, हा तिने काढलेला अर्थ. घडलेलं आणि लावलेला अर्थ वेगळे लिहून काढायचा सराव डीबीटीत वारंवार करून घेतात. आपल्याकडे विवेकनिष्ठ विचारसरणी अनेकांनी वाचली आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण भावना एकदा शिगेला पोचली की विचार तपासणं कोणालाच जमत नाही. तिथे आधी शरीराला शांत करावं लागतं. बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखायचा आणि कपाळ, डोळे, गाल बुडतील असा चेहरा पंधरा ते तीस सेकंद पाण्यात धरायचा. नाहीतर थंड पाण्याचा ओला रुमाल डोळ्यांवर आणि गालांवर दाबून पुढे वाकायचं. चेहरा गार पाण्यात गेला की हृदयाचे ठोके आपसूक मंदावतात. ही शरीराचीच उपजत प्रतिक्रिया आहे. हृदयविकार असेल, ठोके मंद करणारी औषधं चालू असतील, किंवा न खाण्याच्या विकाराने वजन खूप उतरलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. अशांनी श्वास लांबवावा: आत घेताना मनात चारपर्यंत मोजायचं, सोडताना सहा ते आठपर्यंत. यांपैकी कोणताच त्रास नसेल आणि झेपत असेल, तर दोन-तीन जिने भराभर चढून उतरणंही चालतं. याने मूळ प्रश्न सुटत नाही. पण ऊर्मी टिपेला असते तो वेळ निघून जातो, आणि बऱ्याचदा जीव त्या तेवढ्या वेळातच धोक्यात असतो.

हे सगळं शांत असताना शिकून ठेवावं लागतं. पुरात पडल्यावर पोहायला शिकता येत नाही. म्हणून डीबीटीत रोजची वही असते. आज राग किती, दुःख किती, ऊर्मी किती, याला शून्य ते पाच आकडे द्यायचे, आणि कोणतं कौशल्य वापरलं ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. तरी ज्याने ही वही महिनाभर इमानाने भरली, त्याला स्वतःबद्दल जे कळतं ते दहा पुस्तकं वाचून कळत नाही.

मला सगळ्यात उपयोगाचं वाटणारं कौशल्य म्हणजे भावना सांगते त्याच्या उलट वागणं. प्रत्येक भावना काहीतरी करायला लावते. भीती पळायला, लाज लपायला, दुःख अंथरुणात पडून राहायला, राग तुटून पडायला. भावना घडलेल्या गोष्टीला धरून नसेल, किंवा तिच्या म्हणण्याप्रमाणे वागून नुकसानच होणार असेल, तर जाणूनबुजून उलट करायचं, आणि अर्धवट नाही तर पूर्ण करायचं. उदास असताना उठून अंघोळ करायची, केस विंचरायचे, बाहेर पडायचं. मैत्रिणीवर राग उसळला तर फोन टेबलावर ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं, तासाभराने साधा मेसेज करायचा. पण आधी तपासायचं. रस्त्यावर कोणी खरोखर पाठलाग करत असेल तर भीती बरोबर आहे, तेव्हा पळायचंच.

स्वीकारालाही अशीच मर्यादा आहे. जे घडून गेलं ते घडलं, हे पूर्णपणे मान्य करायला डीबीटी शिकवते, कारण ‘असं व्हायलाच नको होतं’ म्हणून झुंजण्यात सगळी ताकद जाते. पण मान्य करणं म्हणजे निमूट सहन करणं नव्हे. घरात मारहाण होत असेल, तर ‘माझ्या घरात मारहाण होते’ हे स्वतःशी कबूल करणं हा स्वीकार. त्यानंतर मदत मागणं, तिथून निघणं हा बदल. नवऱ्याचा हात उठतो म्हणून बाईला मन शांत ठेवायला शिकवणाऱ्या कोणत्याही उपचाराला माझा पाठिंबा नाही, आणि डीबीटी असं काही सांगतही नाही. उलट आपलं म्हणणं नात्याला धक्का न लावता, पण ठामपणे कसं मांडावं आणि नाही कसं म्हणावं, हा तिच्यातला एक अख्खा विभाग आहे. ‘काल पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या स्वयंपाकाची थट्टा केलीत. मला अपमान वाटला. चारचौघांत असं बोलू नका. मग मीही मोकळेपणाने बसू शकेन.’ घडलं ते, वाटलं ते, हवं ते, आणि त्याने काय चांगलं होईल ते, या क्रमाने. मागच्या दहा वर्षांचं गाठोडं सोडायचं नाही.

मन आत्ताच्या क्षणावर आणण्याचा सरावही यात असतो, पाच-पाच मिनिटांचा. इगतपुरीची विपश्यना माहीत असल्याने आपल्याला ते परकं वाटत नाही. मात्र मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर उपचाराऐवजी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नका, कोणाला पाठवूही नका. आधी तज्ज्ञ, मग बाकी सगळं.

तज्ज्ञ कसा ओळखायचा? पूर्ण डीबीटीत चार गोष्टी असतात: आठवड्याला एक वैयक्तिक भेट, आठवड्याला एक कौशल्यांचा गटवर्ग, दोन भेटींच्या मधल्या अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन, आणि उपचारकांची आपापसात नियमित बैठक. साधारण वर्षभराचा हा कार्यक्रम. एवढं सगळं देणारी मंडळी आपल्याकडे मोजकी, तीही बहुतेक मोठ्या शहरांत, आणि खर्चही सगळ्यांना झेपणारा नसतो. म्हणून पहिल्याच भेटीत न लाजता विचारा: तुम्ही डीबीटीचं प्रशिक्षण घेतलं आहे का? गट चालवता का? घरी करायला काम देता का? मराठीतून शिकवाल का? चारही गोष्टी मिळाल्या नाहीत तरी कौशल्यं शिकवणारा एखादा जाणता समुपदेशक मिळाला तरी फरक पडतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. नैराश्य, झोप, चिंता यांसाठी त्या लागू शकतात.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे, क्रमांक १४४१६. आणि जीव देण्याचा प्रयत्न झाला म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवता येत नाही. तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे, असंही तो कायदा सांगतो.

घरातलं कोणी तज्ज्ञाकडे जायला तयार झालं, तर पहिल्या भेटीला सोबत जा. घरातल्या कीटकनाशकांच्या बाटल्या, साठवलेल्या गोळ्या त्याआधीच कुलपात ठेवा किंवा घराबाहेर काढा. दवाखान्यात बोलावलं तरच आत जा, एरवी बाहेर बसा. परतीच्या वाटेवर ‘काय म्हणाले डॉक्टर?’ असं खोदून विचारू नका. तो आपण होऊन सांगेल तेवढं ऐका. आणि पुढच्या आठवड्याची वेळ त्याच दिवशी ठरवून घ्या, कारण दुसऱ्या भेटीआधीच बरेच जण मागे फिरतात.